हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, आता ब्राउझरमध्ये

पत्र थोडक्यात असं: पुण्यात आयटीत काम करणारा एक तरुण. कॉलेजच्या दोन मित्रांसोबत गेले आठ महिने शनिवार-रविवार खपून त्याने एक ब्राउझर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बनवलंय. ते वेबसाइटवरच्या जाहिराती काढून टाकतं आणि त्याच चौकटीत यांनी निवडलेल्या साध्या, न हलणाऱ्या, पाळत न ठेवणाऱ्या जाहिराती दाखवतं. येणारा पैसा खर्च वजा जाता सगळा सामाजिक संस्थांना. ओळखीच्या चाळीसेक लोकांनी वापरून बघितलं, सगळे खूश. दिवाळीनंतर सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरलंय. पण घरी जेवताना हे मावसबहिणीने ऐकलं. ती सहा वर्षं मराठी रेसिपींचा ब्लॉग चालवते. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पानावरचे पैसे काढून तू दान करणार आणि पुण्य तुला?" तेव्हापासून ती धड बोलत नाहीये. एका मित्राचं म्हणणं, अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) लावणारे लोक साइटला तसंही काही देत नाहीत, मग त्यातून चांगलं काम झालं तर बिघडलं काय, आणि पेपरवाला पोरगा पेपरात हँडबिलं घालतोच की. दुसऱ्या मित्राने तोडगा काढलाय की मूळ जाहिरात मागे लोड होऊ द्यायची आणि वर आपली चिकटवायची, म्हणजे ताईलाही पैसे मिळतील. पत्रलेखक विचारतो, "आम्ही खरंच चोर आहोत का, की ताई उगाच इमोशनल होतेय?"

उत्तर:

आधी एक कबुली देते. मी स्वतः अ‍ॅडब्लॉकर वापरते, सात-आठ वर्षं झाली, आणि त्याची मला फारशी लाजही वाटत नाही. त्यामुळे तुझं पत्र उघडलं तेव्हा मी तुमच्याच बाजूला बसले होते. वाचता वाचता ताईच्या बाजूला सरकले, ते का तेच सांगते. आणि तुला अरे-तुरे करतेय ते चालवून घे, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि त्याचेही असेच उद्योग चालू असतात.

जाहिरातींबद्दल तुला जी चीड आहे ना, ती अगदी रास्त आहे. रेसिपी बघायला पान उघडावं तर कणीक भिजेपर्यंत तीनदा कुणीतरी रमी खेळा म्हणून नाचून जातं, मग पाच मिनिटांत कर्ज, मग पोट कमी करायचा चहा, आणि ते खोटं डाऊनलोडचं बटण, जे माझ्या सासऱ्यांनी एकदा दाबलं आणि पुढचे दोन दिवस मी त्यांचा फोन साफ करत बसले. बरं हे नुसतं कटकटीचं असतं तर ठीक होतं, पण यात धोकाही आहे. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी असल्या साइटवर जाहिरातींच्या नेटवर्कमधून घातक कोड वाचकांपर्यंत पोचला होता. डिसेंबर २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना सांगितलं की बाबांनो सर्च करताना अ‍ॅडब्लॉकर लावा, खोट्या जाहिराती खऱ्या कंपन्यांचं सोंग घेऊन फसवतायत. म्हणजे पोलीसच सांगतायत की दाराला जाळी लावा.

कायद्याचंही थोडं सांगते. जर्मनीत अ‍ॅक्सेल स्प्रिंगर नावाचा बडा वृत्तपत्र समूह अ‍ॅडब्लॉक प्लस बनवणाऱ्या कंपनीवर कोर्टात गेला होता, तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टापर्यंत गेला, आणि एप्रिल २०१८ मध्ये हरला. अ‍ॅडब्लॉकर वापरायचा की नाही हे वाचक ठरवतो, साइटला पटत नसेल तर तिने अशा वाचकाला दार बंद करावं, असा एकूण सूर होता. हा जर्मनीतला निकाल, आपल्याकडे तो लागू नाही, पण त्यातला विचार मला पटतो. माझ्या स्क्रीनवर काय दिसावं आणि माझ्या डेटा पॅकमधून काय उतरावं हे मी ठरवणार. त्यामुळे ताईला एवढं नक्की सांग की जो नुसता जाहिरात अडवतो तो चोर नाही. तिच्या ब्लॉगवर येणाऱ्या प्रत्येक डोळ्यावर तिचा हक्क आहे असं काही नाही, आणि सहा वर्षांत तिने स्वतः कधी अ‍ॅडब्लॉकर लावला नसेल असं मला तरी वाटत नाही, विचारून बघ.

पण तुम्ही नुसतं अडवत नाही आहात ना. तुम्ही अडवून तिथे आपलं लावताय. आणि तुझ्या अख्ख्या पत्रात या दोन गोष्टी एकच असल्यासारख्या एका वाक्यात येतात, "जाहिराती काढून चांगल्या जाहिराती लावतो". त्या वाक्याच्या मधोमध एक मोठा खड्डा आहे आणि तुम्ही तिघं त्यावरून आठ महिने उड्या मारत गेलात.

गणपतीचं उदाहरण घे. गल्लीच्या तोंडाशी मंडळाची कमान असते, त्यावर सोनार, बिल्डर, क्लासवाले यांचे बोर्ड. मला ते बघायचे नाहीत म्हणून मी मान खाली घालून गेले, किंवा मागच्या बोळातून गेले, तर मंडळाचा अध्यक्ष मला जाब विचारू शकत नाही. पण मी रात्री शिडी लावून सोनाराचा बोर्ड उतरवला, तिथे माझ्या ओळखीच्या दुकानदाराचा लावला, त्याच्याकडून पैसे घेतले आणि ते अनाथाश्रमाला दिले, तर? पैसे अनाथाश्रमाला गेले हे खरंच, पण मांडव कुणी घातला, लोक कुणाचा देखावा बघायला आले, सोनाराकडे चार चकरा मारून त्याला कुणी पटवलं? ताईला जे झोंबलं ते हेच आहे. पुरणपोळी फुटू नये म्हणून पुरण किती कोरडं हवं हे तिने दहा वेळा करून बघून लिहिलं, फोटो काढले, डोमेनचे पैसे भरले, आणि त्या पानापर्यंत आलेल्या माणसाच्या लक्षाची विक्री तुम्ही करताय.

हँडबिलांचा मुद्दा मला आवडला, खरं सांगते, तुझा मित्र हुशार आहे. पेपरात सरकवलेल्या हँडबिलाचे पैसे पेपरला मिळत नाहीत, आणि त्यावर कुणी नीतिमत्तेची चर्चा केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण हँडबिल सुटं असतं, पेपर झटकला की खाली पडतं, लाइनवाल्या पोराने टाकलंय हे सगळ्यांना माहीत असतं आणि पेपरच्या आतली जाहिरात जागच्या जागी असते. तोच पोरगा उद्या पहाटे चौकात बसून गोंदाने पेपरातल्या जाहिरातींवर आपल्या जाहिराती चिकटवायला लागला तर त्याची एजन्सी दुपारपर्यंत जाईल. मी विशीत एका दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करायचे, सायकलवर. अर्ध्या पानासाठी एका भांडीवाल्याकडे पाच वेळा गेले होते, अंक निघाल्यावर त्याने आधी आपलं पान उघडून बघितलं, मग चहा पाजला. १९०९ मध्ये मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून ही अंकांची परंपरा चालू आहे आणि आज ती जगतेय ती बरीचशी अशा अर्ध्या-अर्ध्या पानांवर. कथा वाचणाऱ्याला ती पानं नको असतात, भराभर उलटतो तो. पण नको असतात म्हणून ती बेवारस होत नाहीत. तुमच्या योजनेत हेच गृहीत धरलंय असं मला वाटतं, की वाचकाला जाहिरात नको आहे म्हणजे ती जागा कुणाचीच नाही, तर मग ती आपण सत्कारणी लावू.

ही कल्पना तुम्हालाच पहिल्यांदा सुचली असंही नाही बरं का. अमेरिकेत गेटर नावाचं सॉफ्टवेअर होतं, दुसऱ्यांच्या साइटवर आपल्या जाहिराती झळकवायचं. २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स, डाऊ जोन्स अशा सगळ्यांनी मिळून त्यांना कोर्टात खेचलं, कोर्टाने तात्पुरती मनाई केली आणि २००३ मध्ये तडजोड झाली. ते तर उघड नफेखोर होते, दानधर्माचा संबंध नाही. तुमच्या जास्त जवळचं उदाहरण ब्रेव्ह ब्राउझरचं. वेबसाइटसाठीची जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणारा ब्रेंडन आइक, त्याने जानेवारी २०१६ मध्ये तो आणला, आणि तेव्हाचा प्लॅन जवळपास तुमचाच होता, पाळत ठेवणाऱ्या जाहिराती काढायच्या आणि स्वच्छ जाहिराती लावायच्या. आणि लक्षात घे, त्यात ५५ टक्के साइटला द्यायचे होते, उरलेले १५-१५-१५ टक्के कंपनी, जाहिरात भागीदार आणि वाचक यांना. अर्ध्याहून जास्त पैसे साइटला देत असूनसुद्धा त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या १७ वृत्तपत्र प्रकाशकांनी नोटीस पाठवली की आमचा मजकूर वापरून तुम्ही तुमच्या जाहिराती विकताय, हे बेकायदा आहे. पुढे २०१९ मध्ये ब्रेव्हच्या जाहिराती आल्या त्या साइटच्या चौकटीत नव्हत्या, वेगळ्या नोटिफिकेशनमध्ये होत्या, त्याही ज्याने स्वतःहून चालू केल्या त्यालाच. तुमच्या प्लॅनमध्ये ताईचा वाटा किती आहे? पत्रात तो आकडा मला कुठे सापडला नाही, म्हणून विचारते.

आता मित्राचा सगळ्यात जोरदार मुद्दा, की अ‍ॅडब्लॉकरवाला तसाही शून्य देतो, शून्यातून काही निघालं तर कुणाचं गेलं. यावर मी दोन दिवस विचार केला. एका माणसापुरतं बघितलं तर तो बरोबर आहे. माझंच घे, मी आधीपासून जाहिराती अडवते, माझ्याकडून ताईला काही मिळत नव्हतं, उद्या मी तुमचं एक्स्टेंशन टाकलं तर तिचं त्या दिवशी काही वाढणार नाही नि कमीही होणार नाही. पण तुमचं एक्स्टेंशन टाकणार कोण, याचा विचार कर. ज्यांनी आधीच अ‍ॅडब्लॉकर लावलाय त्यांचं छान चाललंय, त्यांना एकही जाहिरात दिसत नाही, ते कशाला परत जाहिराती बघायला येतील? थोडे येतील, भले लोक असतात. जास्त येतील ते असे की ज्यांनी आजवर अ‍ॅडब्लॉकर लावला नव्हता, कारण मनात कुठेतरी टोचत होतं की साइटवाल्याचं नुकसान होईल. त्यांची ती टोचणी तुम्ही काढून टाकताय. "जाहिरात अडवा आणि शाळेला मदत करा", व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ग्रुपवर फिरेल हे, माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दोनदा येईल. म्हणजे ज्या शून्याच्या जोरावर तुम्ही उभे आहात ते शून्य तुम्हीच वाढवत जाणार. फक्त आधीपासूनच्या अ‍ॅडब्लॉकरवाल्यांनाच देऊ असं म्हणालात तरी ते तपासणार कसं?

दुसऱ्या मित्राच्या तोडग्याबद्दल मात्र मी अजिबात मऊ बोलणार नाहीये. मूळ जाहिरात मागे लोड करायची आणि वर आपली चिकटवायची, हे करू नका. नुसतं अडवलं तर जाहिरात लोडच होत नाही, दिसली म्हणून मोजली जात नाही, म्हणजे जाहिरातदाराचे पैसे तरी वाचतात. लोड करून झाकली तर त्याच्याकडून न दिसलेल्या जाहिरातीचे पैसे वसूल होतात, ही सरळ फसवणूक आहे, आणि फसणारा प्रत्येक वेळी कुणी मोठी कंपनीच असेल असं नाही, कुठल्यातरी गावचा ट्रॅव्हल्सवालाही असेल. आणि त्याचा फटका बसणार ताईलाच. गूगल अशा मोजणीला अवैध ट्रॅफिक म्हणतं, तसा संशय आला तर कमाई अडकवतं, अकाउंट बंदही करतं, आणि तुझ्या ताईला कळणारही नाही की आपण काय केलं. बरीच वर्षं मराठी साइटला अ‍ॅडसेन्स (साइटवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सोय) मिळतच नव्हतं, मिळायला लागलं तरी १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत, आणि लहान मराठी ब्लॉगला ते १०० डॉलर जमायला किती महिने लागतात ते तिलाच विचार. तिला मदत करायला जाऊन तिचं अकाउंट घालवाल.

राहिली दानाची गोष्ट. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार लागलं, "एखाद्या गॉसिप साइटला दोन पैसे मिळण्यापेक्षा मलेरियाच्या मच्छरदाण्यांना मिळालेले काय वाईट". या प्रकारचा हिशोब मला तुच्छ वाटत नाही. कुठल्या दानाचा किती उपयोग होतो हे तपासणाऱ्या गिव्हवेलसारख्या संस्थांचे लोक वर्षानुवर्षं अभ्यास करून सांगतात की मच्छरदाण्या वाटून काही हजार डॉलरमागे एक जीव वाचतो, आणि हे एकदा डोक्यात शिरलं की जगातला प्रत्येक वाया जाणारा रुपया डोळ्यात खुपायला लागतो, मला कळतं ते. पण त्या हिशोबाने कुणाचाही कुठलाही खिसा उघडता येईल रे. माझ्या या सदराच्या मानधनापेक्षाही मच्छरदाणी बरी, तुझ्या जिमच्या फीपेक्षा बरी, तुम्ही तिघं शनिवारी रात्री ज्या बिर्याणीवर काम करता तिच्यापेक्षा तर नक्कीच बरी. बिर्याणी सोडायचं तुमच्या हातात आहे, ताईचं उत्पन्न सोडायचं तुमच्या हातात नाही. आपल्याकडे दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवायची पद्धत होती, यावरचा माझा हक्क मी सोडला म्हणून. आणि म्हणूनच हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्याला लोक हसतात, पेढे त्याचे, सोडला हक्क ह्याने.

अजून एक. मी तुमचा हिशोब करून बघितला, माझे आकडे अंदाजाचे आहेत, तू तुझे घाल. समजा १००० लोकांनी टाकलं, प्रत्येकाला दिवसाला ५० जाहिराती दिसल्या, आणि हजार जाहिरातींमागे तुम्हाला १० रुपये मिळाले. दिवसाचे ५०० रुपये, महिन्याचे १५ हजार, त्यातून सर्व्हर, नेटवर्कचा वाटा, कर वजा. १५ हजार म्हणजे तिघांच्या पगारातून प्रत्येकी ५ हजार. ते तर तुम्ही येत्या एक तारखेपासून स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून देऊ शकता, एक ओळ कोड न लिहिता, कुणाच्या पानाला हात न लावता. हे तुला खिजवायला म्हणत नाहीये. पण एकदा तिघं बसून स्वतःला विचारा की तुम्हाला दान करायचंय की प्रॉडक्ट बनवायचंय. प्रॉडक्ट बनवायचं असेल तर त्यात लाज काही नाही, तुमच्या वयात तेच करावं, फक्त मग त्याला दानाचा मुलामा देऊन स्वतःला प्रश्न विचारायचं टाळू नका.

आठ महिन्यांचं काम पाण्यात गेलं का? मला नाही वाटत. तुमच्याकडे जाहिराती दाखवायचं यंत्र आहे, आता स्वतःची भिंत शोधा. टॅब फॉर अ कॉज बघितलंयस का? ब्राउझरमध्ये नवीन टॅब उघडला की जे रिकामं पान येतं, त्यावर ते जाहिराती दाखवतात आणि त्यातून संस्थांना पैसे देतात, आजवर १० लाख डॉलरच्या वर दिलेत. नवीन टॅब कुणाच्या मेहनतीचा नसतो, तिथे कुणाची पुरणपोळी नसते. इकोसिया आहे, बर्लिनचं, २००९ पासूनचं, स्वतःचं सर्चचं पान चालवतात, तिथल्या जाहिरातींच्या पैशातून झाडं लावतात आणि किती आले किती गेले याचा हिशोब दर महिन्याला जाहीर मांडतात. आपल्या मंडळांनी वर्षातून एकदा फळ्यावर जमाखर्च लावला तरी आपण कौतुक करतो, हे दर महिन्याला. तुम्ही मराठीत असं नवीन टॅबचं काही केलंत, रोज एक म्हण, एक जुना फोटो, पंचांग, आणि खाली एक शांत जाहिरात, तर मी स्वतः टाकीन आणि सासऱ्यांच्याही लॅपटॉपवर टाकून देईन.

किंवा चौकटी बदलायच्याच असतील तर विचारून बदला. दहा मराठी साइट गाठा, ताईपासून सुरुवात करा, त्यांना म्हणा की आमच्या स्वच्छ जाहिराती घ्या, एवढे टक्के तुम्हाला, एवढे संस्थेला, आणि पानावर तसं लिहा. मला वाटतं यात तुम्हाला जरा धक्का बसेल, कारण त्या रमीच्या जाहिराती साइटवाल्यांनाही आवडत नाहीत, नाइलाज म्हणून ठेवतात. दहातले सहा नाही म्हणतील, दोघं उत्तरच देणार नाहीत, दोन हो म्हणतील. कासवाच्या गतीने चालेल हे मान्य. तिसरा एक मार्ग आहे पैशाशिवायचा. १२ मार्च २०१६ ला, इंटरनेट सेन्सॉरशिपविरोधी दिनाला, जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅडब्लॉकने एक दिवस जाहिरातींच्या रिकाम्या जागी मानवी हक्क संघटना अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचे संदेश दाखवले, अमेरिकन सरकारची पाळत उघड करणारा एडवर्ड स्नोडेन, चिनी कलाकार आय वेवे, रशियातला पुसी रायट हा बँड यांचे. एकच दिवस, कारण सांगून. तिथेही लोकांनी नाकं मुरडली असतीलच, पण रिकामी जागा आणि विकलेली जागा यात फरक आहे, तो त्यात दिसतो.

संस्थांना विचारलंयत का, हेही पत्रात नाही. इथेही ब्रेव्हचीच गोष्ट. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम स्कॉट नावाच्या ब्रिटिश यूट्यूबरच्या लक्षात आलं की ब्रेव्हमध्ये त्याच्या नावाने, त्याचा फोटो लावून लोकांकडून देणगी घेतली जातेय, आणि त्याला कुणी विचारलेलंच नाही. बोंब झाली तेव्हा त्यांनी पद्धत बदलली. तुम्ही मेळघाटातल्या एखाद्या संस्थेचं नाव लावून जाहिराती दाखवाल, त्यातली एखादी जाहिरात गुटख्याची नाही तर चिटफंडाची निघाली तर तोंड संस्थेला लपवावं लागेल. लेखी परवानगी घ्या. वर्गणी गोळा करायची तर मंडळंसुद्धा धर्मादाय आयुक्तांकडून ४१ क कलमाखाली परवानगी काढतात, तुमच्या प्रकाराला ते कितपत लागू होतं ते चांगल्या सीएला विचारा, करसवलतीची ऐंशी-जीची पावती कुणाच्या नावाने फाटणार तेही विचारा, कारण ती जाहिरात बघणाऱ्याच्या नावाने फाटणार नाही आणि तसा समज लोकांचा होऊ देऊ नका. "खर्च वजा जाता सगळा" या चार शब्दांत तर अख्खा हत्ती मावतो. खर्च किती टक्क्यांच्या वर जाणार नाही ते आधी जाहीर करा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं, कारण बनवणारे तिघं असतील पण टाकणारे आपण सगळे आहोत. असलं पुण्याचं एक्स्टेंशन टाकताना ब्राउझर विचारतो की हे सगळ्या साइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल, चालेल का. आपण वाचतही नाही, हो म्हणतो. त्या सगळ्या साइटमध्ये तुमची बँक आली. जाहिरात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला ही किल्ली लागतेच, त्याशिवाय ते चालणारच नाही, म्हणजे प्रश्न किल्ली कुणाच्या हातात आहे हा आहे. आणि आज आहे त्याच्याच हातात उद्या राहील असंही नाही. ग्रेट सस्पेंडर नावाचं क्रोमचं फार लोकप्रिय, चांगलं, फुकट एक्स्टेंशन होतं, बनवणाऱ्याने ते २०२० मध्ये दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं. तेव्हा कोण चालवतंय, हिशोब कुठे आहे, संस्थेच्या स्वतःच्या साइटवर यांचं नाव आहे का, एवढं तरी बघा. नसेल तर संस्थेच्या क्यूआर कोडवर थेट शंभर रुपये टाका, एक्स्टेंशन वर्षभर चालवून तुमच्या वाट्याचे तेवढे जमतीलच असं नाही. आणि तुम्ही मुलांनो, लाखभर लोक झाले की तुम्हालाही विकत मागणारे मेल येतील, तेव्हा काय करायचं ते आत्ताच, भांडण व्हायच्या आधी, कागदावर लिहून ठेवा.

आता ताई. तू मला विचारलंस ती इमोशनल होतेय का. होतेय, मग? सहा वर्षं कुणी फुकटात दळण दळलं आणि घरातल्याच धाकट्या भावाने पिठाचा डबा उचलून दान केला तर मीही झाले असते. पण माझ्या मते ती पैशासाठी रुसलेली नाहीये, तिच्या ब्लॉगचे महिन्याचे पैसे किती असतात मला अंदाज आहे, त्यात धड एक सिलिंडर येत असेल नसेल. आठ महिने तुम्ही जाहिरातींच्या जागांवर काम करत होतात, घरात एक बाई त्याच जागांवर चार पैसे मिळवते, आणि तिला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, जेवताना कळलं. तेव्हा तिला समजवायला जाऊ नकोस, लॅपटॉपही नेऊ नकोस. तिला तिचा अ‍ॅडसेन्सचा डॅशबोर्ड दाखवायला सांग. कुठल्या महिन्यात किती आले, कुठली जाहिरात तिला स्वतःला लाज आणते, कुठली रेसिपी सगळ्यात जास्त चालते. तास-दीड तास जाईल. तिला काढून टाकावीशी वाटणारी जाहिरात कशी काढायची हे तुला येतं, तिला येत नसेल, ते करून दे. मग तुमचा नवा प्लॅन सांग, आणि तिने नाही म्हटलं तर तिची साइट पहिल्या दिवसापासून वगळा, आणि तसं बटण बाकीच्या साइटवाल्यांनाही द्या.

दिवाळीनंतरची तारीख पुढे ढकल. मित्र चिडतील, विशेषतः तो झाकणवाला, चिडू दे.

आणि ताईच्या ब्लॉगची लिंक पत्रात नव्हती. ती विचार, चालत असेल तर मला एकटीला पाठव. त्या एका साइटपुरता माझा अ‍ॅडब्लॉकर बंद करून ठेवते, रमीसकट.